डिस्कचा जाम झालेला स्क्रू: आधी ठोका, मग फिरवा

जूनच्या शेवटी कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की आमच्या २००६च्या होंडा सिटी झेडएक्सचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. पेडलही पायाखाली धडधडत होतं. घरी येऊन चाक काढून पाहिलं तर पुढच्या ब्रेक डिस्कच्या (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड हिलाच चिमटतात) कडेला नखाला अडकेल एवढी धार आलेली. नव्या डिस्क आणल्या, पॅड आणले. रविवार मोकळा होता आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग सपाट, काँक्रीटचं आहे. दोन तासांत उरकेल असा हिशोब होता. त्यात एकट्या एका स्क्रूने साडेतीन तास खाल्ले.

चूक माझीच. घरातला रोजचा स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर केला, तो सटकला. पुन्हा जोर केला, पुन्हा सटकला. तिसऱ्या वेळी स्क्रूच्या डोक्यातला चार खाचांचा क्रॉस जाऊन तिथे गोल वाटी उरली. वरच्या मजल्यावरचे काका (आयटीआयचे फिटर, सातपूरला एका कारखान्यातून निवृत्त झालेले) भाजी घेऊन येत होते. पिशवी खाली ठेवून त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू नुसता फिरवतोयस. हा फिरवून सुटत नाही. आधी ठोक, मग फिरव."

पुढचा सगळा लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

हा स्क्रू असतो कुठे आणि अडकतो का

चाक काढलं की डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर, चाकाच्या बोल्टांच्या मधे, दोन स्क्रू दिसतात. होंडाच्या गाड्यांवर ते हमखास असतात, ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलांवर असतात, जुन्या अँबेसिडरच्या ड्रमवरही (डिस्कऐवजी असणारा ब्रेकचा गोल डबा) असायचे. मारुती ८०० किंवा जुन्या ऑल्टोच्या मागच्या ड्रमवर शोधू नका. तिथे मधोमध मोठा नट असतो, त्याची कथा वेगळी.

स्क्रू ६ मिमी जाडीचा, लांबी दीड सेंटीमीटरही नाही. त्याचं काम एवढंच की चाक नसताना डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जागेवर बसून राहावी. गाडी चालताना डिस्कला धरून ठेवतात ते चाकाचे नट. म्हणून होंडाने तो जेमतेम १० न्यूटन मीटरने कसायला सांगितलाय, म्हणजे मनगटाच्या जोराने. मग इतका हलका कसलेला स्क्रू दहा-पंधरा वर्षांनी बहाद्दरासारखा का धरून बसतो?

कारण आट्यांपेक्षा जास्त त्याच्या डोक्यात आहे. डोकं सपाट नसतं, शंकूसारखं खाली निमुळतं असतं आणि डिस्कमधल्या तशाच खळग्यात पाचरीसारखं बसतं. डिस्क बिडाची. बिडाला गंज लागायला एक पाऊस पुरतो, आणि आपल्याकडे नाशिक शहरात जरा कमी पडला तरी इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला गेलात की गाडी खालून धुऊन निघते. त्यात ब्रेकची उष्णता: तापणं, थंड होणं, पुन्हा तापणं. गंज फुगतो आणि शंकूच्या भोवतीची फट भरून टाकतो. डोकं आणि डिस्क यांचा एकच तुकडा झाल्यासारखा होतो.

म्हणूनच वरून तेल मारून रात्रभर ठेवलं तरी या स्क्रूवर फारसा फरक पडत नाही. डोक्यानेच दार बंद केलेलं असतं, तेल आट्यांपर्यंत जाणार कुठून? गंजाची ती पाचर आधी हादऱ्याने फोडावी लागते. मग तेल आत शिरतं.

टोकाची भानगड

माझा स्क्रू ड्रायव्हर सटकला याला गंजाइतकंच दुसरं कारण होतं. आपण ज्याला 'स्टार' किंवा 'चौफुली' म्हणतो तो क्रॉस एकाच जातीचा नसतो. बाजारात सर्रास मिळतो तो फिलिप्स, अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने १९३६मध्ये पेटंट झालेला. जपानी गाड्यांवर जपानी मानकाचा, जेआयएस क्रॉस असतो. दिसायला जुळा भाऊ, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही. वर तरंगतं आणि जोर आला की बाहेर चढतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका खोदलेला असतो. गंज खरवडला की दिसतो.

मापही महत्त्वाचं. घरातला ड्रायव्हर सहसा २ नंबरचा असतो, या स्क्रूला ३ नंबर लागतो. जेआयएस टोकाचा ३ नंबर बिट (ड्रायव्हरमध्ये बसवायचा टोकाचा तुकडा) मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर चांगल्या पोलादाचा, टोक न झिजलेला फिलिप्स ३ नंबर बिट चालतो, कारण हातोडीखाली तो आत दाबून बसतो. २ नंबरने मात्र हात लावू नका.

काय जमवायचं

मुख्य हत्यार म्हणजे हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. हा विजेवर चालत नाही. मुठीएवढ्या जाड लोखंडी नळकांड्यात तिरकी खाच असते; मागे टोला बसला की टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडंसं फिरतं. आपल्याला नेमक्या याच दोन गोष्टी एकदम हव्या असतात. रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात 'ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर' असं स्पष्ट सांगा, नाहीतर दुकानदार बॅटरीचं मशीन दाखवतो. हजार रुपयांच्या आत बऱ्यापैकी मिळतो. सोबत ५/१६ इंच जाडीचे बिट येतात, त्यात ३ नंबर आहे ना ते तिथेच बघून घ्या.

हातोडी किलोभराची हवी. भिंतीत खिळे ठोकायची हलकी हातोडी नुसती उसळते. बाकी तारेचा ब्रश, टोच्या, सपाट तोंडाचा पंच, छन्नी, सेंटर पंच, ३, ५ आणि ६.५ मिमीचे ड्रिल, ग्रिप प्लायर, गंज सोडवायचं तेल, ब्रेक क्लीनर, डोळ्यांवर चष्मा. आणि नवे स्क्रू. कामाला बसण्याआधी हे आणून ठेवा. रविवारी संध्याकाळी स्पेअर पार्टची दुकानं बंद असतात, हे मी अनुभवाने सांगतोय. पान्यांसाठी तर नाशिककरांनी लांब बघायची गरजच नाही, टपारियाचा कारखाना सातपूरच्या एमआयडीसीतच आहे.

गाडी उचलताना

सपाट, टणक जमीन. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड, दरवाजाखालच्या पट्टीला जिथे जॅक लावायची खूण आहे तिथे. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक मी पाहिलेत. भाजलेली वीट वजनाखाली कधी फुटेल याचा नेम नाही, आणि आपण तर आज या गाडीवर हातोडी चालवणार आहोत. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवा.

स्टिअरिंग असं वळवा की डिस्कचं तोंड तुमच्याकडे येईल आणि हातोडीला मागे जायला जागा मिळेल.

आता एक गोष्ट जी मी उलटी केली होती: कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अजून काढू नका. कॅलिपर काढला की हबवर ब्रेकची पकड उरत नाही, स्क्रूवर जोर लावला की सगळंच गोल फिरू शकतं. पुढची दोन्ही चाकं उचललेली असतील तर गाडी गिअरमध्ये असूनही डिफरन्शियलमुळे (इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) ते फिरतंच. म्हणून कॅलिपर जागेवर असताना कुणालातरी सीटवर बसवा आणि ब्रेक दाबून धरायला सांगा. स्क्रू तेवढ्या वेळात सोडवायचे.

आणखी एक युक्ती काकांची. चाकाचे दोन नट समोरासमोरच्या बोल्टांवर जाड वॉशर घालून बऱ्यापैकी कसा. डिस्क हबवर दाबली जाते, स्क्रूच्या डोक्यावरचा ताण कमी होतो.

मुख्य काम

आधी खाचा साफ. टोच्याने क्रॉसच्या चारही पाकळ्यांतला गंज आणि जुनं ग्रीस तळापर्यंत खरवडून काढा, ब्रशने झाडा. कंटाळा येतो, पण निम्मं यश इथे आहे. तळाशी मिलिमीटरभर घाण राहिली तरी बिट तेवढा वर राहतो आणि तेवढ्यातच खाचा जातात.

मग सपाट पंच स्क्रूच्या डोक्यावर मधोमध ठेवा आणि हातोडीने सरळ आत, अक्षाच्या रेषेत, पाच-सहा टोले द्या. काही फिरवायचं नाही. नीट पाहिलंत तर तिसऱ्या-चौथ्या टोल्याला डोक्याच्या भोवती एक बारीक लाल रेघ उमटते आणि गंजाची भुकटी खाली सांडते. आवाजही बदलतो: आधी भरीव 'ठण्', मग जरा मोकळा. ही रेघ म्हणजे पाचर फुटली. आता तेल लावा, पण फवारा मारू नका. पॅड अजून आत आहेत आणि तेल प्यायलेला पॅड फेकूनच द्यावा लागतो. कापसाच्या बोळ्याने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने दोन थेंब पुरे. पंधरा मिनिटं चहा घ्या.

इम्पॅक्ट ड्रायव्हर सैल करण्याच्या दिशेला लावा. त्यावरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. टोक जमिनीवर टेकवून दाबा आणि ते घड्याळाच्या उलट फिरतंय का डोळ्यांनी पाहा. उलट्या दिशेला लावून स्क्रू आणखी कसणारे महाभाग मी एकटाच नसेन. बिट खाचेत बसवा, डिस्कला अगदी काटकोनात धरा, दुसऱ्या हाताने नळकांडं घड्याळाच्या उलट पिळून धरा म्हणजे आतली मोकळीक आधीच संपते. मग एक टोला. एकच, पण मनापासून. दहा घाबरट टोल्यांनी खाचा झिजतात, एका खणखणीत टोल्याने स्क्रू हलतो. प्रत्येक टोल्यानंतर बिट नीट बसलाय का बघा.

सहसा दुसऱ्या-तिसऱ्या टोल्याला 'कच्' असा आवाज होतो आणि हाताला कळतं. पुढे साधा ड्रायव्हर पुरतो. माझ्या डाव्या चाकाचे दोन्ही स्क्रू असेच मिळून सात मिनिटांत आले, म्हणजे उजव्या चाकावर सकाळभर जे केलं ते सगळं फुकट होतं.

खाचा थोड्या घासल्या गेल्या असतील, पूर्ण गेल्या नसतील, तर इंजिनच्या व्हॉल्व्हला लावतात ती खरखरीत लॅपिंग पेस्ट चिमूटभर खाचेत भरा. बिटची पकड चांगलीच वाढते.

खाचा गेल्याच असतील तर

छन्नी. स्क्रूच्या डोक्याच्या बाहेरच्या कडेजवळ धार टेकवून आधी सरळ एक टोला, म्हणजे खोबण पडते. मग छन्नी आडवी करून त्याच खोबणीत, घड्याळाच्या उलट दिशेला ढकलेल अशी, टोले द्या. डिस्क बदलायचीच असेल तर खळग्याला थोडा मार लागला तरी बिघडत नाही. तीच डिस्क परत बसवायची असेल तर ही पायरी सोडून ड्रिलकडे जा.

माझ्या स्क्रूने छन्नीलाही दाद दिली नाही. मग ड्रिल. सेंटर पंचने नेमकं मध्य पकडा. वाटी झालेली असली की हे उलट सोपं जातं. आधी ३ मिमी, मग ५, मग ६.५. वेग कमी, दाब जास्त, दर काही सेकंदांनी तेलाचा थेंब. वेग वाढवलात तर स्क्रू तापून टणक होतो आणि ड्रिल नुसतं चकाकी देत बसतं. आपल्याला पूर्ण स्क्रू आरपार भोकायचा नाही, फक्त डोकं उडवायचंय. तीन-चार मिलिमीटर खोल गेलात की डोक्याची कडी सुटून ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागते. तिथे थांबा.

मग कॅलिपर काढून, डिस्क उतरवून बघा: हबमधून स्क्रूचा थोडासा बुंधा बाहेर आलेला असतो. त्याच्यावर आता कसलाच ताण नाही. ग्रिप प्लायरने धरा आणि फिरवा. माझा तर दोन बोटांनी फिरला, आणि साडेतीन तासांचा राग कुणावर काढावा ते कळेना.

उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला स्क्रू बाहेर काढायचं हत्यार) दुकानदार आग्रहाने देतो. इतक्या बारीक स्क्रूत तो घालू नका. तो ठिसूळ आणि अतिशय टणक पोलादाचा असतो. आत मोडला तर तुमचं ड्रिल त्याच्यावर चालत नाही आणि मग हब काढून वर्कशॉप गाठावं लागतं.

गॅसच्या ज्योतीने तापवायचा सल्लाही मिळेल. मागेच रबरी ब्रेक होज, बेअरिंगचं ग्रीस, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याचा सेन्सर आहे. शिवाय ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत कधीच नाही. क्लोरीन असलेले क्लीनर तापले की फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो. या स्क्रूसाठी तापवायची वेळ येतच नाही.

स्क्रू निघाला, डिस्क नाही

हबच्या गोलाईवर गंज धरल्याने डिस्क चिकटते. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. होंडाच्या डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर दोन रिकामी आट्यांची भोकं असतात, ८ मिमी बोल्टची, १.२५ आट्यांची (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी). त्यात दोन बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव फेरा कसा, डिस्क आपोआप पुढे सरकते. एकच बोल्ट कसत बसलात तर तिरकी अडकते. मागच्या ड्रमसाठी हँडब्रेक सोडलेला हवा, आणि आतली काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरने तर नाहीच. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

ब्लीडर निपल

नव्या जाड पॅडना जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो; त्याआधी कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) सुटतंय का ते पाहून ठेवावं, कारण जुनं काळं ऑइल मास्टर सिलिंडरकडे (पेडलने ऑइलवर दाब देणारा भाग) उलटं ढकलण्यापेक्षा इथून बाहेर काढलेलं बरं. पण हे निपल आतून पोकळ असतं, त्यामुळे इथे इम्पॅक्ट ड्रायव्हरची मर्दुमकी चालत नाही. पटकन मोडतं, आणि मोडलं की बहुतेक वेळा कॅलिपरच बदलावा लागतो.

तारेच्या ब्रशने बुंधा साफ करा, तेल लावून रात्रभर ठेवा; इथे आटे उघडे असल्याने तेलाचा उपयोग होतो. भोकात बसेल असा ड्रिलचा दांडा आत सरकवा म्हणजे भिंती चेपणार नाहीत, आणि बाजूंनी हलके टकटक करा. पाना सहा कोनांचा, बॉक्स किंवा सॉकेट. बारा कोनांचा रिंग पाना कोपरे खातो. आधी किंचित कसायच्या दिशेला फिरवा, मग सोडा, पुन्हा किंचित कसा. पीळ पडतोय आणि आटे हलत नाहीत असं जाणवलं तर थांबा आणि कॅलिपर तसाच मेकॅनिककडे न्या. इथे हट्ट महाग पडतो.

परत बसवताना

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. गंजाची एक खपली मागे राहिली तरी नवी डिस्क किंचित तिरकी बसते आणि घाटातली थरथर काही हजार किलोमीटरनी परत येते. स्क्रूच्या भोकांतून ६ मिमी, १.० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करा. नव्या डिस्कवर कारखान्यातून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा.

स्क्रू नवेच. आट्यांवर तांब्याच्या ग्रीसचं बोट पुसल्यासारखा थर, डोक्याच्या शंकूखाली तसाच. जास्त लावलंत तर तापल्यावर उडून डिस्कवर येतं. कसायचं मनगटाने, १० न्यूटन मीटर. पुढच्या वेळी याच स्क्रूशी आपलीच गाठ पडणार आहे हे ध्यानात ठेवून.

चाक लावा, नट आडवे-उभे क्रमाने कसा. या गाडीला १०८ न्यूटन मीटर सांगितलंय. गाडी सुरू करून हलवण्याआधी ब्रेक पेडल दहा-बारा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिले काही दाब पेडल थेट तळाला जातं. पार्किंगमधून निघताना पहिल्या वळणावर हे कळणं परवडत नाही. ऑइलची पातळी पाहा. मग गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सकाळी गर्दी नसताना साठच्या वेगावरून वीसवर असे आठ-दहा सौम्य ब्रेक, मधे थोडं थंड होऊ देत. करकचून दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा थर एकाच जागी डिस्कवर छापला जातो.

शंभर किलोमीटरनी चाकाचे नट पुन्हा तपासायचे. मी त्र्यंबकला दोन-तीन फेऱ्या झाल्यावर तपासले, डिस्क थंड असताना. उजवीकडचा एक नट पाव फेरा फिरला.